दोरीच्या दुसऱ्या टोकाला

आमची पहिली दोरी म्हणजे परकराची नाडी होती. दादरला घेतलेली, पांढरी, सुती. ताईने स्वतःच दोन्ही टोकांना फास मारले, बोटं घालून ते सरकत नाहीत ना हे चाचपलं आणि एक फास माझ्या हातात दिला. तिचा डावा हात, माझा उजवा, मधे जेमतेम वीतभर नाडी. सकाळी साडेपाचला शिवाजी पार्कच्या कट्ट्याजवळ आम्ही दोघी अशा जोडल्या गेलो आणि मी मनाशी म्हटलं, आता हिला नीट सांभाळायचं.

पन्नासेक पावलांवर ती थांबली.

"तू मला ओढते आहेस," ती म्हणाली. "मला बस पकडायची नाहीये. मला पळायचंय."

ताई आमच्या बँकेतली. टेलिफोन बोर्डावर तिची तीस वर्षं गेली. शाखेतल्या प्रत्येकाला आवाजावरून ओळखते, आणि कोणाच्या घरी काय चाललंय हेही तिला त्या आवाजावरूनच कळतं. लहानपणी, अगदी शाळेत जायच्याही आधी, तिची दृष्टी पूर्ण गेली. कोणी 'दृष्टिबाधित' वगैरे म्हणायला लागलं की ती म्हणते, "आंधळी म्हण गं, मला वाईट वाटत नाही." तिच्या शाळेच्या मैदानात दोन खांबांना तार बांधलेली असायची. तारेत एक कडी अडकवलेली. कडी हातात धरून तारेच्या कडेकडेने पळायचं आणि खांब आला की कोणीतरी ओरडून थांबवायचं. "त्या कडीचा तारेवरून जो आवाज यायचा ना," ती सांगते, "तो मला अजून ऐकू येतो. पण तारेला वळण नसतं. मला कधी वळता आलं नाही."

मी लालबागची. कॉलेजात असताना दोनशे मीटर पळायचे. मग नोकरी, लग्न, मुलगा, सासऱ्यांचं आजारपण. चाळिशी उलटल्यावर रिपोर्टमधे साखर जरा वर दिसली तेव्हा जुने बूट बाहेर काढले. डबा खाताना ही गोष्ट बोलता बोलता निघाली आणि ताई म्हणाली, "मला नेशील?" इतकंच. मी हो म्हटलं. काय म्हणते आहे याची मला काही कल्पना नव्हती.

त्या पहिल्या रविवारी, बस पकडायची नाहीये हे ऐकून घरी आल्यावर, बरोबर पळतात तरी कसं हे शोधायला मी मोबाइल घेऊन बसले. अशीच मला क्युबाची धावपटू ओमारा दुरांद सापडली. २०१६ च्या रिओ पॅरालिम्पिकमधली शंभर मीटरची अंतिम शर्यत, टी-१२ गट. पहिल्यांदा बघितली तेव्हा मला फक्त ती दिसली. दुसऱ्यांदाही तीच. तिसऱ्यांदा मी मुद्दाम तिच्यावरून नजर हटवली आणि शेजारच्या माणसाकडे बघितलं. युनिओल किंडेलान. तिचा वाटाड्या, म्हणजे दोरीने जोडून बरोबर पळणारा. एक हात दोरीने तिच्या हाताला बांधलेला, आणि जगातल्या सगळ्यात वेगवान अंध महिला धावपटूच्या अगदी लगत तो पळतो आहे. ओढत नाही, ढकलत नाही, मागेही पडत नाही. मी ती शर्यत त्या दिवशी किती वेळा बघितली असेन! स्वयंपाक राहून गेला.

ओमाराबद्दल लिहायचं तर आधी गटांचं सांगायला हवं, कारण तिच्या कारकिर्दीचे दोन भाग त्यावरूनच पडतात. 'टी' म्हणजे ट्रॅक. दृष्टीच्या बाबतीत ११, १२ आणि १३ असे तीन गट. टी-११ मधल्यांना जवळजवळ काहीच दिसत नाही, आणि कोणालाही जास्तीचा फायदा होऊ नये म्हणून सगळ्यांच्या डोळ्यांवर अपारदर्शक पट्टी असते. टी-१२ मधल्यांना थोडं दिसतं. त्यांनी वाटाड्या घ्यायचा की नाही ते त्यांनी ठरवायचं. टी-१३ मधल्यांना त्याहून जास्त दिसतं, आणि त्यांनी एकट्यानेच पळायचं.

ओमारा क्युबाच्या सँतियागो शहरातली, १९९१ साली जन्मलेली. जन्मतःच मोतीबिंदू. आपल्याकडे मोतीबिंदू म्हटलं की आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन आठवतं. बाळ मोतीबिंदू घेऊन जन्माला येऊ शकतं हे मला तिच्यामुळे कळलं. २००८ साली, सतरावंही पूर्ण झालेलं नसताना, ती बीजिंगच्या पॅरालिम्पिकला गेली आणि रिकाम्या हातांनी परतली. चार वर्षांनी लंडनमधे टी-१३ गटात शंभर आणि चारशे मीटर अशी दोन सुवर्णपदकं. दोन्ही एकटीने पळून.

२०१३ साली तिला मुलगी झाली. आमच्या लालबागेत मला लहानपणापासून दिसलेल्या कितीतरी पळणाऱ्या, कबड्डी-खोखो खेळणाऱ्या मुलींची गोष्ट इथेच संपली. माझीही साधारण इथेच संपली, म्हणून या वळणावर मी जरा थांबते. ती परतली तेव्हा टी-१२ गटात होती, आणि आता शेजारी किंडेलान होता. २०१५ ला दोहाच्या जागतिक स्पर्धेत शंभर, दोनशे, चारशे, तिन्ही जिंकल्या. पुढच्या वर्षी रिओत तिन्ही. २०२१ मधे झालेल्या टोकियो पॅरालिम्पिकमधे तिन्ही. २०२४ ला पॅरिसमधे, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, पुन्हा तिन्ही, आणि तिथेच थांबली. लंडनची दोन धरून पॅरालिम्पिकची अकरा सुवर्णपदकं. त्यातली नऊ दोरी हातात असताना.

पदकांची यादी सांगून ताईचं समाधान होत नाही. ती विचारते, "किती सेकंद?" तिला आकडा लागतो, कारण आकडा ऐकला की तिला वेग कळतो. ओमाराचे आकडे मी तिला वाचून दाखवले: रिओत शंभर मीटर ११.४०, चारशे मीटर ५१.७७. टोकियोत दोनशे मीटर २३.०२. तिन्ही तेव्हाचे जागतिक विक्रम. आणि वाचता वाचता मला काहीतरी ओळखीचं वाटायला लागलं.

माझे बाबा गिरणीत होते. संपानंतरच्या वर्षांत घरात काय काय नव्हतं ते सांगत बसत नाही, पण एक गोष्ट होती: पी. टी. उषाचा वर्तमानपत्रातून कापलेला फोटो, बाबांच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलेला. १९८४ ला लॉस एंजेलिसमधे चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत तिचं कांस्य एक शतांश सेकंदाने गेलं. शेजाऱ्यांच्या टीव्हीवर बाबांनी ते पाहिलं होतं. मी जरा मोठी झाल्यावर ते मला सांगायचे, "पापणी मिटून उघड. झालं? यातसुद्धा दहा-वीस शतांश गेले. तिला एकच कमी पडला." मी पळायला लागले ती त्या फोटोमुळे. त्यामुळे उषाचे आकडे मला पाढ्यांसारखे पाठ आहेत. शंभर मीटरमधे उषाची सर्वोत्तम वेळ ११.३९. चारशे मीटरमधे ५१.६१.

ओमारा ११.४०. उषा ११.३९. पुन्हा तोच एक शतांश.

काळ वेगळा, ट्रॅक वेगळे, बूट वेगळे, हे मला मान्य आहे. १९८५ च्या धावेची आणि २०१६ च्या धावेची सरळ तुलना करू नये. पण ज्या बाईला आम्ही भारताची सगळ्यात वेगवान मुलगी म्हणून ट्रंकेत जपलं होतं, तिच्या खांद्याला खांदा लावून ओमारा पळाली असती, आणि तेही दुसऱ्या माणसाच्या हाताला हात बांधून. हे मी ताईला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग त्या शेजारच्या माणसाला ५१.७७ मधे चारशे मीटर एका हाताने पळावं लागलं असणार."

अगदी खरं. वेगाने पळताना हात पायांइतकेच कामाचे असतात, हे ज्याने दोनशे मीटर जीव तोडून पळून बघितलंय त्याला सांगायला नको. बांधलेला हात आपल्या मर्जीने हलवता येत नाही. ताईचा डावा हात पुढे जाईल तेव्हाच माझा उजवा पुढे जायला हवा. म्हणजे पाय उलटे पडतात: तिचा उजवा पाय पुढे तेव्हा माझा डावा. आरशासमोर पळावं तसं. हे कागदावर दोन ओळींचं आहे. अंगात मुरायला आम्हाला पाच महिने लागले. ताई माझ्यापेक्षा उंचीला चार बोटं कमी. तिचं पाऊल छोटं आणि भरभर पडणारं, माझं लांब. कोणी कोणाचं बदलायचं? मला वाटलं होतं, मधे कुठेतरी गाठ पडेल. तसं नसतं. पाऊल तिचं, लय तिची, आणि मी माझं आखूड करायचं. मी ज्या लांब ढांगेवर कॉलेजात पदकं मिळवली ती मोडून टाकायची. सुरुवातीला मला त्याचा त्रास झाला, खोटं कशाला सांगू.

नियमही सगळे त्याच दिशेने आहेत. वाटाड्याने धावपटूला ओढायचं नाही, पुढे लोटायचं नाही. दोरी शेवटपर्यंत सोडायची नाही. आणि अंतिम रेषा धावपटूने आधी ओलांडायची. वाटाड्या पुढे गेला तर दोघं बाद. म्हणजे किंडेलान तिच्यापेक्षा वेगवान असलाच पाहिजे, नाहीतर तिला अडसर होईल. आणि शेवटच्या पावलाला त्याने मागे असलंच पाहिजे. नऊ अंतिम शर्यती त्याने अशा पळल्या. प्रत्येक जोडीला दोन लेन लागतात, म्हणून आठ लेनच्या ट्रॅकवर अंतिम फेरीत फक्त चार जोड्या असतात. तिघींना पदक आणि एकटी चौथी. चौथं येणं याहून क्रूर कुठे असेल असं मला वाटत नाही.

दोरीबद्दल शोधताना आणखी दोन गोष्टी मिळाल्या, त्या ताईला सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

एक ब्राझीलच्या तेरेझिन्या गिलेर्मिनाची. ती टी-११ मधली, पण लंडन २०१२ ची ती चारशे मीटरची अंतिम शर्यत टी-१२ ची. तिचा वाटाड्या गिलेर्मे सांताना पळता पळता पडला. ती थांबली आणि त्याच्याबरोबर ट्रॅकवर आडवी झाली. डोळ्यांवर पट्टी, आजूबाजूला गच्च भरलेलं स्टेडियम, पदक हातचं गेलेलं. नंतर त्याच स्पर्धेत तिने त्याच माणसाबरोबर शंभर मीटर १२.०१ सेकंदांत, जागतिक विक्रमासह जिंकली.

दुसरी स्पेनच्या एलेना काँगोस्तची. पॅरिस २०२४, टी-१२ मॅरेथॉन. बेचाळीस किलोमीटर झालेले, ती तिसरी, मागची धावपटू तीन मिनिटांहूनही जास्त लांब. रेषेच्या अगदी जवळ तिच्या वाटाड्याचे पाय गोळे येऊन लटपटले आणि तो पडणार असं वाटून तिने त्याला धरायला हात पुढे केला. क्षणभर दोरी सुटली. दोघं रेषा पार करून गेले, आणि मग तिला बाद केलं. त्या दिवशी कांस्य गेलं.

ताई म्हणाली, "मीही सोडली असती." मी काही बोलले नाही, कारण तिच्या गुडघ्यावर पडल्याचा डाग अजून होता.

ती चूक माझी होती. जुलैतली सकाळ, पाऊस नुकताच थांबलेला, आणि फुटपाथचे पेव्हर ब्लॉक एका जागी उचकटलेले. मला ते दिसले. बोलायचं होतं "डावीकडे", तोंडातून निघालं "उजवीकडे". तिने माझ्यावर पूर्ण विश्वास ठेवून उजवीकडे पाऊल टाकलं. गुडघा सोलला, मनगट मुरगळलं. चहाच्या टपरीवरच्या माणसाने धावत येऊन पाणी दिलं आणि मला म्हणाला, "मॅडम, कशाला यांना पळवता?" त्याचा हेतू चांगला होता. पण प्रश्न मला विचारला, तिला नाही. ती तिथेच बसलेली होती.

त्यानंतर दोन रविवार मी गेले नाही. काहीतरी कारणं सांगितली. तिसऱ्या शनिवारी रात्री तिचा फोन. "नाडी माझ्याकडे आहे," म्हणाली. "उद्या येताना हळद घालून दूध आणू नकोस. बूट घालून ये." त्या दिवसापासून आम्ही "डावीकडे-उजवीकडे" म्हणणं सोडलं. आता "आत" आणि "बाहेर" म्हणतो. आत म्हणजे माझ्या बाजूला. शब्दांचे आवाज वेगळे आहेत, घाईत अदलाबदल होत नाही. चढाला "वर", खड्ड्याला "उचल", वळणाच्या आधी "वळण" आणि मग वळत असताना काहीच नाही, फक्त दोरी. वळताना ती बोलू देत नाही. तारेला वळण नव्हतं ना, म्हणून ते तिला पूर्ण हवं असतं.

७ सप्टेंबर २०२४ ची रात्र मी विसरणार नाही. गणेश चतुर्थी. लालबागेत चतुर्थीला काय गर्दी असते ते मुंबईकराला सांगायला नको. ताई दुपारी आमच्या घरच्या गणपतीच्या दर्शनाला आली, मोदक जेवली, आणि संध्याकाळी तिला परत सोडणं अशक्य झालं. मी म्हटलं, राहा. त्या रात्री अकराच्या सुमाराला पॅरिसमधे टी-१२ महिलांची दोनशे मीटरची अंतिम शर्यत होती. ओमाराची शेवटची शर्यत. आणि त्याच शर्यतीत आपली सिमरन शर्मा.

सिमरन मूळची उत्तर प्रदेशातल्या मोदीनगरची. नवरा गजेंद्र सिंग हाच प्रशिक्षक. टोकियोत ती टी-१३ गटात एकटी पळाली होती आणि अंतिम फेरीच्या बाहेर राहिली. पुढे तीही ओमारासारखीच टी-१२ मधे आली आणि तिच्या हातात दोरी आली. २०२४ च्या मे महिन्यात कोबेला दोनशे मीटरची जागतिक विजेती झाली. पॅरिसमधे दोनच दिवसांपूर्वी शंभर मीटरला ती चौथी आली होती. १२.३१, कांस्य १२.२६ ला गेलं. चौघींतली चौथी.

खाली लाउडस्पीकर, ढोल, रस्त्यावर माणसांचा समुद्र. खिडक्या लावूनही ऐकू येईना, म्हणून एक इअरफोन तिच्या कानात, एक माझ्या कानात, आणि दुसऱ्या मोकळ्या कानात मी बोलायचं. शर्यत चोवीस-पंचवीस सेकंदांची. तेवढ्यात किती सांगणार? सुटल्या, वळणावर ओमारा पुढे, सिमरन तिसरी, नाही चौथी, नाही...

"तिचं नको," ताई माझा दंड दाबून म्हणाली. "त्याचं सांग."

"कोणाचं?"

"किंडेलानचं. काय करतोय?"

मी बघितलं. वळण संपून त्या सरळ रेषेत आल्या होत्या आणि तो पुन्हापुन्हा तिच्याआड जात होता. "दिसतच नाहीये गं नीट. तिच्यामागे झाकला जातोय."

"मग बरोबर पळतोय," ताई म्हणाली, आणि तेवढ्यात शर्यत संपली.

ओमारा २३.६२. दुसरी व्हेनेझुएलाची. सिमरन, अभय सिंगबरोबर, २४.७५ मधे तिसरी! मी किंचाळले, मुलगा झोपेतून उठून आला, सासूबाईंना वाटलं गणपतीपाशी काही पडलं. ताईने दोन्ही हात समोर धरले आणि बोटं चाळवत राहिली, जणू कोणाचं तरी पाऊल मोजत होती. सिमरनबरोबर अभय सिंगच्या गळ्यातही पदक पडलं, कारण आता वाटाड्यालाही पदक देतात. हे मी ताईला सांगितलं. ती म्हणाली, "द्यायलाच हवं. पण सुवर्णपदकाच्या बातमीत त्याचं नाव कोणी लिहिलं का ते उद्या बघ." दुसऱ्या दिवशी मी बघितलं. मला मिळालेल्या पाच बातम्यांपैकी दोनांत किंडेलानचं नाव होतं.

उरलेल्या बातम्यांत एक शब्द होता जो मला वर्षानुवर्षं खटकतो: 'मात'. अंधत्वावर मात, अपंगत्वावर मात, परिस्थितीवर मात. ओमाराने अंधत्वावर कुठे मात केली? पदक घेऊन ती खाली उतरली तेव्हाही तिला तितकंच कमी दिसत होतं. तिने मात केली ती शेजारच्या लेनमधल्या बायकांवर, आणि त्याही जगातल्या उत्तम धावपटू होत्या. ते सांगा ना. वळणावर ती कुठे होती ते सांगा. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या, सुरगाण्याकडच्या दिलीप गावितचंही असंच झालं. लहानपणी झाडावरून पडून त्याने एक हात गमावला. २८ ऑक्टोबर २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत त्याने टी-४७ गटात चारशे मीटर ४९.४८ मधे जिंकली, आणि ते भारताचं त्या स्पर्धेतलं शंभरावं पदक होतं. 'शंभरावं' आणि 'एक हात' हे मथळ्यात आलं. एका हाताने स्टार्टिंग ब्लॉकवर तोल कसा धरतात, वळणावर शरीर एका बाजूला कसं जातं आणि ते सरळ ठेवायला किती वर्षांचा सराव लागतो, हे मला वाचायचं होतं. पळणाऱ्याची खरी कहाणी तिथे असते असं मला मनापासून वाटतं, आणि ती न सांगणं हा त्याच्या मेहनतीवर अन्याय आहे.

ओमाराने थांबायचं ठरवल्यावर ताई काही दिवस हिरमुसली होती. मग एका रविवारी शिवाजी पार्कची फेरी संपवून आम्ही कट्ट्यावर बसलो असताना म्हणाली, "मला एकदा खऱ्या ट्रॅकवर दोनशे मीटर पळायचंय. घड्याळ लावून. वळणासकट."

फुटपाथवर पळणं आणि ट्रॅकवर पळणं यात फार फरक. फुटपाथवर आम्ही जॉगिंग करतो. तिथे मी बोलते, ती बोलते, व्यायाम मंदिराच्या पोरांचे मल्लखांबाचे आवाज येतात, क्रिकेटचा चेंडू बॅटवर बसला की ती तो कसा बसला ते सांगते. दोनशे मीटर जोरात पळायचे म्हणजे पन्नासेक सेकंद दुसरं काहीच नाही. चार महिने तयारी केली. तिचं वय बावन्न, माझं चव्वेचाळीस. डॉक्टरांना विचारून, मंगळवार-गुरुवार जिने चढून, रविवारी साठ-साठ मीटरच्या धावा. नाडी बदलून जाड सुती पट्टीची दोरी केली, पण फास तिनेच मारले, पहिल्यासारखेच.

गेल्या रविवारी पहाटेची लोकल पकडली. प्लॅटफॉर्मवर राखीव डब्याची जागा सांगणारं यंत्र टूं-टूं करत असतं, त्या आवाजाच्या दिशेने ती माझ्या पुढे चालत गेली. तिथे तिला माझी गरज नसते. ग्रँट रोडला उतरून टॅक्सीने प्रियदर्शनी पार्क. समुद्राकडून वारा येत होता. ट्रॅकवर पाऊल ठेवल्यावर ती खाली वाकली आणि तळहाताने तो लाल रबरी खरखरीतपणा दोनदा चोळून बघितला. मग लेनची पांढरी रेषा बोटांनी शोधली. रंग किंचित गुळगुळीत लागतो म्हणाली. मी तिला वळणाच्या सुरुवातीला नेलं. दोन लेन आमच्या. माझा मुलगा घड्याळ घेऊन रेषेवर.

पहिली पन्नास मीटर आम्ही कधी पळालो नव्हतो इतक्या एकसारख्या पळालो. दोरी मला जाणवतच नव्हती. वळणात तिचा खांदा माझ्याकडे झुकला, मी गप्प. वळण संपलं आणि मी "सरळ" म्हटलं, आणि ती सुटली. बावन्न वर्षांची बाई, टेलिफोन बोर्डावरची, अशी सुटली की मला माझं जुनं पाऊल आठवलं. शेवटच्या वीस मीटरला ते पाऊल माझ्या नकळत बाहेर आलं. लांब ढांग. मी तिच्याबरोबर होते, मग अर्धं पाऊल पुढे होते, मग रेषा.

"सेहेचाळीस पॉइंट आठ!" मुलगा ओरडला.

ताई गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होती. हसत होती. मग तिचं हसू जरा थांबलं.

"शेवटी दोरी ताणली गेली," ती म्हणाली. "पुढून. आधी कोण गेलं?"

मी मुलाकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता.

"मी," मी म्हटलं. "थोडीशीच."

"मग हे धरायचं नाही." तिने दोरीतलं बोट काढलं नाही. तशीच वळली आणि सुरुवातीच्या रेषेकडे परत चालायला लागली, मला बरोबर घेऊन. "पाणी पी. दहा मिनिटांनी परत पळू."